वाढीव भाराचा बोजा कोणी वाहावयाचा?

आमच्या शहरातील एका जुन्या चाळीत गेल्या उन्हाळ्यात मीटरच्या खोलीतून धूर निघाला. प्राणहानी झाली नाही, एवढेच समाधान. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्याने निदान केले : ‘भाडेकरूंनी मंजूर भारापेक्षा अधिक वीज ओढली.’ म्हणजे गुन्हेगार ठरले ते भाडेकरूच! हे निदान तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करणारे आहे.

२३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीत दर किलोवॉटमागे तारेतून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो. चाळींतील जोडण्या दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओ एवढाच हिशेब धरून झालेल्या. आज २ किलोवॉटची एक विजेची शेगडी एकटीच जवळजवळ ९ अँपिअर घेते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. मग फ्यूज वारंवार उडतो. कोणी त्यात जाड तार घालतो, कोणी लहान एमसीबी काढून मोठा बसवतो. संरक्षण जाते, तार जुनीच राहते. घरातील बोर्ड, आतील वायरिंग, जिन्यातून वर येणारी मुख्य तार, मीटरची खोली आणि रस्त्यातील केबल ही एकच साखळी आहे. केवळ बोर्ड बदलून ती बळकट होत नाही.

कायदा मात्र घरातल्या माणसालाच पकडतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरास दुप्पट दराने आकारणी होते. मंजुरीपेक्षा अधिक भार हाही अनधिकृत वापरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका भात गिरणीच्या प्रकरणात ठरवले. त्याच जागेतील, त्याच दराच्या वाढीव भाराला केरळच्या नियमावलीने दिलेली सवलतही २०२२ मध्ये रद्द ठरवली. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनी थोडा दिलासा दिला. स्मार्ट मीटरने नोंदलेली मर्यादा आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडल्याशिवाय मंजूर भार वाढवावयाचा नाही. परंतु कागदावर भार वाढला म्हणून जिन्यातील तार जाड होते काय?

‘ज्याला हवे त्याने पैसे मोजावेत,’ असे बाजारवादी सांगतील. बंगल्यात खोलीगणिक वातानुकूलन यंत्र बसवणाऱ्याबाबत ते मला मान्य आहे. पण वीस बिऱ्हाडांची मुख्य तार ही कोणा एकाची खासगी वस्तू नव्हे. पहिल्या अर्जदारावर तिचा खर्च टाकला, तर पहिला अर्ज कोणीच करीत नाही; घरमालक हात झटकतो आणि धोका मात्र सर्वांचा वाढत जातो. पत्र्याखालच्या खोलीतील कूलर ही चैन नव्हे. मुंबई शहराचा वीजपुरवठा १९४७ मध्ये महापालिकेने खासगी कंपनीकडून आपल्या हाती घेतला. वीज ही सार्वजनिक सेवा आहे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले होते. ते मीटरच्या खोलीच्या दाराशीच का थांबावे?

आपली मागणी स्पष्ट हवी. जुन्या चाळींतील मुख्य तारा व मीटरच्या खोल्या यांचे नूतनीकरण सार्वजनिक भांडवली खर्चातून व्हावे. लहान भाराच्या वाढीस शुल्क नसावे. तपासणी मोफत व दंडाच्या भयाविना व्हावी. कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्चाची वाट पाहू नये. आपापल्या वस्तीतील मीटरच्या खोल्या जाणत्या वायरमनसह पाहाव्यात, बिऱ्हाडांच्या भाराची यादी करावी आणि साऱ्या चाळीचा एकच अर्ज द्यावा. एकट्याच्या अर्जाला फाईल मिळते. वीस सह्यांना उत्तर द्यावे लागते.