टीम आठ दिवसांत होत नसते!

बऱ्याच छोट्या कॉलेजांत दरवर्षी तेच घडतं. आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल स्पर्धेची नोटीस लागते, तेव्हा हातात जेमतेम आठ-दहा दिवस असतात. मग शोधाशोध सुरू. वर्गात उंच कोण? बारावीत कोण खेळलंय? गावाकडे शूटिंग व्हॉलीबॉल कोण मारतं? बारा नावं जमली की झाली टीम. पहिल्याच फेरीत हरून परत आली की शेरा तयार, "आपल्याकडच्या पोरांत दमच नाही!"

दम नाही? आपला धाराशिव जिल्हा म्हणजे खो-खोची खाण. इथल्याच सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. हे पाणी वेगळं नाही, माती वेगळी नाही. फरक आहे तो रोज मैदानावर उतरण्याचा.

व्हॉलीबॉलला तर हा रोजचा सराव लागतोच. चेंडू हातात धरायचा नाही, तीन स्पर्शांत पलीकडे पाठवायचा. पास, लिफ्ट, स्मॅश! लिफ्टरने चेंडू किती उंच द्यायचा आणि स्मॅशरने उडी कधी घ्यायची, हे गणित फळ्यावर सुटत नाही. शूटिंग व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरांचा हात दणकट असतो, पण त्या खेळाचं तंत्र वेगळं. ब्लॉक, लिफ्ट त्यांना शिकवणार कोण?

बरं, या खेळाला लागतं तरी काय? 18 बाय 9 मीटरचं मैदान, एक नेट, चार-पाच चेंडू. मुलांसाठी नेटची उंची 2.43 मीटर, मुलींसाठी 2.24. म्हणजे त्याच खांबांवर नेट खाली घेतलं की मुलींचं मैदान तयार. छोट्या कॉलेजला परवडेल असा दुसरा सांघिक खेळ शोधून दाखवा!

खरी अडचण आहे वेळेची. सराव ठेवतात संध्याकाळी आणि निम्म्या पोरींचा जीव असतो गावाकडच्या शेवटच्या एसटीत. ती चुकली तर घरी काय सांगायचं? मग घरचे म्हणतात, "खेळ बंद कर." आणि कॉलेज म्हणतं, "मुलींचा प्रतिसादच नाही." प्रतिसाद कसा असेल? वेळच अशी निवडलीय की त्यांनी येऊच नये.

उपाय फार अवघड नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात खेळाला क्रेडिट आहेत. मग आठवड्यातले तीन तास टाइमटेबलमध्येच बसवा, दुपारच्या लेक्चर्सच्या आधी किंवा मध्ये. मुलींचे तास वेगळे राखा. सराव जुलैपासूनच सुरू करा. आणि जवळच्या दोन-तीन कॉलेजांनी महिन्यातून एकदा आपसात मॅच खेळावी. त्याला ना मंडप लागतो, ना प्रमुख पाहुणे.

सगळेच काही देशासाठी खेळणार नाहीत. पण भरतीसाठी एकटंच पळणाऱ्या पोरापोरींना आपल्या चुकीला मागून कुणीतरी सावरतं, हा अनुभव कॉलेजात नाही तर कुठे मिळणार?

तेव्हा दोस्तांनो, ॲडमिशनची पावती काढा आणि जिमखाना फीचा रकाना बघा. पैसे आपण भरलेत. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जा, बाराजणांच्या सह्यांचा. टीमची सुरुवात तिथूनच होते.