अमेरिका जवळ, खैरलांजी दूर

२०२० सालच्या जून महिन्यात टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. आम्हां भंडाऱ्यातील काही कुटुंबांनी तेव्हा रोज सायंकाळी फोनवरून एकत्र येऊन जपमाळेची प्रार्थना करण्याचा परिपाठ ठेवला होता. त्या आठवड्यात घराघरांतून एकच हेतू मांडला जाई : मिनीॲपोलिस शहरात २५ मे रोजी एका पोलीस अधिकाऱ्याच्या गुडघ्याखाली गुदमरून मेलेला कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड. पोप फ्रान्सिस यांनी ३ जूनच्या जनसभेत या प्रकरणाचा उल्लेख करून वंशद्वेषाकडे डोळेझाक करता येणार नाही, असे बजावले होते आणि त्याच वेळी रस्त्यांवरील हिंसाचारही आत्मघातकी ठरवला होता. आम्ही प्रार्थना केली, ती मनापासून केली. कुणाचा तरी कंठ दाटून आल्याचे फोनवरही कळले. मला मात्र त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. कारण याच जिल्ह्यात चौदा वर्षांपूर्वी जे घडले, त्यासाठी जपमाळेचा एक मणीही आम्ही ओढला नव्हता.

वाचकहो, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे गाव आपणांस ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे आपण ज्या दिवशी महादूतांचा सण साजरा करतो त्याच दिवशी, तेथील भैयालाल भोतमांगे या बौद्ध शेतकऱ्याची पत्नी सुरेखा, दोन मुले आणि एक मुलगी अशा चौघांना गावच्या जमावाने ठार मारले आणि प्रेते कालव्यात टाकली. भैयालाल तेवढे वाचले. नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव अवघ्या काही दिवसांवर आला होता. (बाबासाहेबांना १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत पराभूत करणारा मतदारसंघ हाच भंडारा, हेही आपण सहसा आठवत नाही.)

या हत्याकांडाचे मूळ एका साक्षीत होते. त्याच महिन्याच्या आरंभी शेजारच्या गावातील एका दलित पोलीस पाटलास मारहाण झाली होती आणि सुरेखाबाईंनी व त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांची नावे पोलिसांना सांगितली होती. संशयितांना अटक झाली, जामीन मिळाला आणि सुटकेच्या दिवशीच सूड घेतला गेला. साक्षीदारांच्या संरक्षणाची कुणाला आठवणही झाली नाही. बोलावणे जाऊनही पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत. पहिली शवचिकित्सा इतक्या निष्काळजीपणे झाली, की पुरलेले देह उकरून पुन्हा तपासावे लागले. पुढे काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. परंतु तोवर जो पुरावा नाहीसा व्हायचा तो झाला होता.

पोलिसी अत्याचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाठी येते, कोठडी येते. माझे म्हणणे असे, की न उचललेले पाऊल आणि न लिहिलेला कागद हाही अत्याचारच आहे आणि आपल्याकडे तो अधिक प्रचलित आहे. मिनीॲपोलिसच्या पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनातही गुडघ्याचा शब्द नव्हता. संशयिताची प्रकृती बिघडल्याचे दिसले, त्याला रुग्णालयात नेले, तेथे तो मरण पावला, असा त्याचा आशय होता. एका सतरा वर्षांच्या मुलीने रस्त्यावर उभे राहून आपल्या मोबाईलवर ते सारे टिपले नसते, तर तोच कागद इतिहास झाला असता. २०२१ मध्ये त्या मुलीला पुलित्झर समितीने विशेष सन्मान दिला. आरोपी अधिकारी वर्षभराच्या आत दोषी ठरला, त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. खैरलांजीची मुलगीही सतराच वर्षांची होती आणि तीही साक्षीदारच होती.

येथे कुणी म्हणेल, तेथे वर्णद्वेष आहे, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे जमिनीचा वाद होता, वैयक्तिक वैर होते. नेमका हाच युक्तिवाद न्यायालयातही टिकला. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे लागू होत नाही, हे सूडाचे कृत्य आहे, असा निष्कर्ष काढला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास ठरवला. माझ्या मते फाशी रद्द झाली याचे दुःख नको. आपली श्रद्धा देहदंडाच्या बाजूची नाही. खुनाचा खटला चालला आणि जातीचा उल्लेखच गळून पडला, हे दुःख आहे. भैयालाल २० जानेवारी २०१७ रोजी निवर्तले.

आणि मग उद्रेक. हत्याकांडाची बातमी मोठ्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचायला जवळजवळ महिना लागला. ती पोहोचली तेव्हा नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, भंडारा येथे लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. महिनाभर गप्प असलेली माणसे तेव्हा बोलू लागली, पण कशाविषयी? फुटलेल्या काचांविषयी. मीही त्यांतलाच एक. मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो. मोर्चाच्या दिवशी वर्गातल्या बौद्ध मुलांना मी सांगितले, ‘हे आपले काम नव्हे, अभ्यास करा.’ मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, मग कुणाचे?’ मी फळ्याकडे वळलो. अमेरिकेत दुकाने जळाली तेव्हा मात्र याच मी घरी मुलांना समजावून सांगितले, की माणसे इतकी का संतापतात ते आधी समजून घेतले पाहिजे. ही समजूत मला २००६ साली का सुचली नाही, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

जाळपोळीचे समर्थन मी करीत नाही. परंतु मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडून दहा जणांचे प्राण घेतले. तेथील अधिकारी दोषी ठरायला २००९ साल उजाडले. बारा वर्षे थांबणाऱ्या माणसाला ‘संयम ठेवा’ असे सांगायला फारसे धैर्य लागत नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेत निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही नोंदवली. फुल्यांनी अमेरिकेकडे पाहिले ते परत फिरून आपल्या गावाकडे पाहण्यासाठी. आपण अमेरिकेकडे पाहतो ते गावाकडे पाहावे लागू नये म्हणून. तेथील गोऱ्या शिपायाला पापी म्हणताना आपल्याला कुणाशीही वैर घ्यावे लागत नाही. आंधळगावच्या पोलीस ठाण्याचे नाव घेताना जीभ अडखळते.

‘आपण मूठभर, कुणी केरळातून, कुणी गोव्याहून, कुणी छत्तीसगडातून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा शाळेत नोकरीसाठी आलेले; आपण यात का पडावे?’ हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे. त्याला माझे उत्तर असे, की यात आपण आधीच पडलेले आहोत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. परिणामी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे छत्रही त्याच्या डोक्यावर राहत नाही. उद्या एखाद्या गावात आपल्याच एखाद्या कुटुंबावर हे गुदरले, तर न्यायालयाला कायदा लागू नाही म्हणायला एवढे कष्टही पडणार नाहीत. आणि भेद केवळ बाहेर आहे असेही नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत जातिभेद असल्याचे स्वतःच मान्य केले. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्या घरांत हळू आवाजात का होईना, विचारला जातो, हे नाकारील असा एक तरी वाचक मला भेटावा.

गेल्या वर्षी मी आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीत एक साधी सूचना मांडली : २९ सप्टेंबरच्या मिस्सात विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये खैरलांजीच्या चौघांचा नावानिशी उल्लेख व्हावा. कुणी विरोध केला नाही. एक गृहस्थ म्हणाले, त्या दिवशी सण आहे. दुसरे म्हणाले, उगाच चर्चा होईल. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि पुढच्या विषयपत्रिकेत तो नव्हता. मी तो पुन्हा लिहून दिला आहे. या खेपेस चारही नावे स्वच्छ अक्षरांत लिहिली आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला अडचण येऊ नये.