अळंब्यांचे विष : आकडे आणि विवेक

पावसाळा रंगला की गोमंतकात वारुळांवर अळंबी उगवतात आणि घरोघरी त्यांची आमटी शिजते. त्या चवीस आमचा विरोध नाही. ‘अळंब्यांनी कोण मरतो?’ या बेफिकिरीस मात्र आहे.

बहुतेक विषबाधा सौम्य असतात, हे खरे. १९९९ ते २०१६ या काळात अमेरिकेतील विषनियंत्रण केंद्रांकडे सुमारे १,३३,७०० प्रकरणे नोंदली गेली. त्यांत मृत्यू ५२. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक नोंदी अंगणातील छत्री सहज तोंडात घालणाऱ्या बालकांच्या होत्या. पोटभर जेवणाऱ्यांची गोष्ट निराळी. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन किमान १३ माणसे दगावली.

‘डेथ कॅप’ या जातीचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. वांत्या-जुलाब सुरू होण्यास सहा तासांहून अधिक काळ लागतो. पुढे रोग्यास थोडे बरे वाटते. पण त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. ही फसवी उसंतच अनेकांचा घात करते.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी अळंबे खाल्ले, या कसोट्या निरर्थक होत. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, जाणत्याने निःशंकपणे ओळखलेलेच अळंबे पानात घ्यावे. संशय येताच टाकून द्यावे. खाल्ल्यावर त्रास झाल्यास उरलेले अळंबे बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे. मध्येच बरे वाटले तरी परतू नये. मृत्यू थोडे असतात. परंतु ज्या घरी तो येतो, त्या घरास या अल्पसंख्येने कसला दिलासा?