हुकूम कोणाचा, हे आधी पाहा

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. उसाचे बिल, शिक्षकाचा पगार, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हे सारे आता बँकेत जमा होते आणि ते खाते मोबाइलवर उघडते. सोय मोठी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु खाते जेथे पोहोचले, तेथे चोरही पोहोचला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला करून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. बनावट कार्डांनी त्यातील पैसे परदेशांत काढले गेले, तसेच कोल्हापुरातही काढले गेले.

तो हल्ला बँकेवर होता. सामान्य माणसावर होणारा हल्ला याहून साधा असतो. त्यात कुलूप फोडले जात नाही. मालकाकडूनच किल्ली मागून घेतली जाते. 'केवायसी अपूर्ण आहे, आज सायंकाळी खाते बंद होईल, पुढील लिंकवर माहिती भरा,' असा ईमेल येतो. वर बँकेचे चिन्ह असते, भाषा कचेरीची असते. कधी पोलिसाच्या गणवेशातील मनुष्य पडद्यावर दिसतो आणि 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका,' असे दरडावतो. अशी अटक भारतीय कायद्यात कोठेही नाही. रूपे अनेक असली, तरी लक्षणे ठरलेली आहेत: भय किंवा लोभ, घाई आणि गुप्तता. ही एकत्र दिसली की हात आखडावा.

इंटरनेटवरील पत्ता टपालाच्या पत्त्यासारखा वाचावा. पाकिटावर 'बिद्री' असे ठळक लिहिले, तरी पत्र कोठे जाणार हे खालचा तालुका व जिल्हा ठरवतो. संकेतस्थळाच्या पत्त्यातही आरंभीच्या बँकेच्या नावाला अर्थ नसतो. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वीचा शेवट पाहावा लागतो. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे पत्ते घ्यावेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. त्यामुळे ही पारख सोपी झाली आहे. अक्षरेही नीट वाचावीत. ती थोडी हलली, की बिद्रीचे बिदर होते. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, एवढे तरी पाठ असावे.

तथापि सारा दोष फसलेल्याच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे ठरेल. सुशिक्षित माणसेही फसतात, याचे कारण आपल्या वळणात आहे. वरून आलेला हुकूम न विचारता पाळावा, साहेबाला ओळखपत्र मागणे म्हणजे उद्धटपणा, हे आपण शाळेपासून शिकतो आणि कचेरीत गिरवतो. चोर नेमक्या याच आज्ञाधारकपणावर जगतो. शिवाय ज्या संस्था सावधगिरीचा उपदेश करतात, त्याच ग्राहकांना लिंक पाठवून 'त्वरित माहिती भरा' असे बजावू लागल्या, तर खऱ्याखोट्याची निवड त्याने कशी करावी? बँका, पतसंस्था, कारखाने व महाविद्यालये यांनी 'आम्ही लिंकद्वारे माहिती मागणार नाही' असे फलकावर लिहावे आणि तो शब्द पाळावा. खातरजमा करणाऱ्या ग्राहकावर कारकुनाने वैतागू नये. शिक्षकांनीही 'हे कोणी सांगितले?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवू नये.

शेवटचा मुद्दा लाजेचा. फसलेला मनुष्य 'लोक हसतील' म्हणून गप्प राहतो आणि त्या अवधीत पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जातो. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर वाटेतली रक्कम गोठविण्याची शक्यता राहते. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असली, तरी बँकेला कळविल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसावे, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले. म्हणजे येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. घरफोडी झालेल्याला आपण हसत नाही. त्याच्यासोबत ठाण्यावर जातो. मोबाइलवरून लुटल्या गेलेल्या शेजाऱ्याला तेवढीच सोबत मिळाली, तर चोराचा अर्धा धंदा बसेल.