एका नळीचा प्रवास

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात वसलेले शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचे गाव. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून तयार केलेली कलमे येथून दूरदूरच्या बागांना जातात. हा व्यवहार निव्वळ मातीचा, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु डोळा बांधण्याची पट्टी प्लास्टिकची, रोपाची पिशवी प्लास्टिकची, सावलीची जाळी, ठिबकाची नळी आणि फळांचे क्रेटही त्याचेच. एका उद्योगात जन्मलेला पदार्थ दुसऱ्या उद्योगात पाच दारांनी शिरला आहे.

तंत्रज्ञान असेच पसरते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ नेथन रोझेनबर्ग यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, बंदुका बनविताना धातू कापण्याचे जे कसब आले, तेच पुढे शिवणयंत्रे, सायकली आणि मोटारी यांच्या कारखान्यांत गेले. वस्तू निराळ्या होत्या. त्यामागचे काम एकच होते.

ठिबक सिंचनाची कथाही हेच सांगते. गळक्या नळाशेजारचे झाड जोमाने वाढल्याचे सिम्चा ब्लास या जलअभियंत्याच्या ध्यानी आले ते १९३०च्या दशकात. मात्र धातूच्या नळ्यांनी ते तंत्र शेतकऱ्यास परवडले नसते. महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिक आले आणि १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरिम वसाहतीत ठिबकाचे उत्पादन हाती घेण्यात आले. कल्पना तीस वर्षे थांबली, ती दुसऱ्या उद्योगाची वाट पाहत.

महाराष्ट्रात हा दुवा जोडला तो व्यापाऱ्याने. जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. शेतीच्या साहित्याचा व्यापार करीत ते १९८० मध्ये पीव्हीसी नळ्यांच्या उत्पादनाकडे वळले आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबकाकडे. शेतकऱ्याची अडचण आणि कारखान्याची क्षमता, दोन्ही ज्याला दिसतात, तो दुकानाच्या गादीवरच बसलेला असतो.

तथापि नळी पोहोचली म्हणजे काम संपले, असे नाही. क्षारयुक्त पाण्याने ड्रीपर बुजतात. ते आम्लाने धुण्याचे ज्ञान नसेल, तर संच बांधावर पडून राहतो. त्याहून गंभीर बाब पाण्याची. एका झाडाचे पाणी वाचले की, वाचलेल्या पाण्यावर आणखी झाडे लावण्याचा मोह होतो. वरुड तालुक्याची गणना भूजलाच्या अतिशोषित क्षेत्रात झाली आहे. विंधनविहिरी शेकडो फूट खोल गेल्या आहेत. संत्र्याचे झाड फळास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. एवढी प्रतीक्षा करून आंबिया बहराच्या उन्हाळ्यात पाणी आटले, तर कुटुंबाची सारी पुंजी उभी वाळते.

तंत्रज्ञान स्वतःहून काटकसर करीत नाही. ती वापरणाऱ्याने करावयाची असते. म्हणून नळी विकणाऱ्याने ग्राहकास एक प्रश्न अवश्य विचारावा: विहिरीत पाणी किती? त्या उत्तराप्रमाणे कमी नळी विकावी लागली, तर आजची विक्री घटेल. परंतु बाग जगेल आणि पुढील पिढीचा ग्राहकही त्याच पेढीच्या पायऱ्या चढेल.