मांजराची शेपटी आणि कारागिराचे नाव

कार्टून म्हटले की घरातील मोठी माणसे 'पोरखेळ' म्हणून मोकळी होतात. परंतु बंधू-भगिनींनो, गोष्ट कशी सांगावी हे पाहायचे असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका काळ्या मांजराकडे जरूर पाहावे. त्याचे नाव फेलिक्स.

१९१९ साली न्यूयॉर्कमध्ये पॅट सलिव्हन यांच्या स्टुडिओत या मांजराचा जन्म झाला. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यावर फार तर एखादी लिहिलेली पाटी किंवा पात्राच्या तोंडाजवळ चार शब्द. बाकी सारी गोष्ट चित्रानेच सांगायची.

या गोष्टींची घडण बहुधा ठरलेली असे. सुरुवात गरजेतून होते. पोटात भूक आहे, राहायला घर नाही किंवा मालकाच्या खिशात पैसा नाही. अडचण आली की फेलिक्स दोन्ही हात पाठीमागे घेऊन, मान खाली घालून येरझारा घालतो. तो विचार करतो आहे हे अक्षरओळख नसलेल्यालाही कळते. मग डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटते. खरी गंमत पुढे आहे. तेच प्रश्नचिन्ह तो हातात धरतो आणि त्याचा आकडा करतो! शेपटी तर त्याची अवजारांची पेटीच. तिची कधी काठी होते, कधी गळ, कधी फावडे. पहिल्याच 'फेलाइन फॉलीज' या फितीत गाण्याचे सूर चिन्हे होऊन हवेत तरंगतात, आणि त्या चिन्हांचीच गाडी बनते.

म्हणजे नियम असा की पडद्यावर जे जे काढले आहे ते वापरता आले पाहिजे. बाहेरून कोणी देव येऊन सोडवणार नाही. जवळ जे आहे त्यातूनच वाट काढायची.

१९२३ च्या 'फेलिक्स इन हॉलिवूड'मध्ये मालक त्याला सोबत न्यायला तयार नसतो. तेव्हा फेलिक्स स्वतःच काळी बॅग बनतो आणि मालकाच्या हातातून प्रवासाला निघतो. त्याच वर्षीच्या 'फेलिक्स रिव्होल्ट्स'मध्ये गाव मांजरांशी वाईट वागते. मांजरे संप करतात, उंदीर गावभर माजतात आणि शेवटी गावाला नमते घ्यावे लागते. एक शब्दही न बोलता एकजुटीचा धडा!

या कलेमागे काटकसरही होती. पडद्यावर सेकंदाला सोळा-अठरा चित्रे सरकत. ती हाताने काढायची. अंग पूर्ण काळे ठेवले की आतल्या रेघांचा खर्च वाचतो आणि हालचाल ठसठशीत दिसते. येरझाऱ्यांची चित्रे पुन्हा पुन्हा वापरता येतात. अडचणीतून युक्ती काढणारे एकटे मांजरच नव्हते, त्याला काढणारा माणूसही तसाच होता.

त्या माणसाचे नाव ओटो मेस्मर. तो स्टुडिओतील पगारी नोकर. गोष्टी रचायचा, चित्रे काढायचा, हाताखालच्यांकडून काम करून घ्यायचा. पडद्यावर मात्र नाव झळकायचे ते मालक सलिव्हन यांचे. फेलिक्सच्या बाहुल्या-खेळण्यांचे हक्कही मालकाचेच. १९२८ नंतर बोलपट कार्टून आली, मिकी माऊस पुढे गेला आणि मुके मांजर मागे पडले. १९३३ मध्ये सलिव्हन वारले. मेस्मर पुढेही कष्टच करीत राहिला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील विजेच्या जाहिरातींसाठी त्याने चित्रे केली. म्हातारपणी, १९६० आणि ७० च्या दशकांत, अभ्यासकांनी त्याचे काम उजेडात आणले. १९८३ मध्ये तो गेला. ऑस्ट्रेलियात काही जण आजही ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या सलिव्हन यांनाच फेलिक्सचा जनक मानतात, पण बहुतेक इतिहासकार मेस्मरचे नाव घेतात.

काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट कष्टकऱ्याला वेगळी सांगायला नको. फरक इतकाच की मेस्मरला जिवंतपणी थोडेतरी श्रेय मिळाले. कित्येकांना तेही मिळत नाही.

यातील काही जुन्या फिती आता मोबाइलवरही पाहायला मिळतात. रविवारी मुलांना घेऊन एखादी पाहावी. आवाज नसल्यामुळे गोष्ट मुलांनाच सांगायला लावावी. ती भराभर बोलू लागतील. आणि फीत संपल्यावर त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: हे मांजर कोणी काढले? मुलाने मेस्मर हे नाव लक्षात ठेवले, तर उद्या इमारत पाहताना ती बांधणाऱ्या गवंड्याचे नावही ते विचारील.