दोष डोळ्यांचा की पडद्याचा?

फळ्यावरचे दिसत नाही म्हणून पुढच्या बाकावर बसणारे आणि पुस्तक नाकाशी धरून वाचणारे एखादे मूल तुमच्या वर्गात असेल. चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नाही. 'याचे अभ्यासात लक्षच नाही,' असा शेरा मात्र त्याला लवकर मिळतो. आता फळ्याच्या जोडीला संगणकाचा पडदा आला आहे. शाळेच्या सूचना, अर्ज आणि निकाल मोबाइलवर येतात. माझे म्हणणे असे की, या मुलासाठी पडदा हा कागदापेक्षा पुष्कळ सोयीचा होऊ शकतो. पण आपण तो अशा रीतीने वापरतो की तो कागदाहूनही गैरसोयीचा ठरतो.

प्रथम अल्पदृष्टी म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची व्याख्या आहे. उत्तमात उत्तम चष्मा लावल्यावरही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा अधिक नसेल, पण ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंत, आक्रसले असेल तरीही ती अल्पदृष्टीच. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, त्यासाठी या मुलाला ६ मीटरवर यावे लागते. म्हणजे 'चांगला चष्मा घे' हा सल्ला येथे पुरत नाही.

आता थोडे गणित करू. हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा तक्ता तयार केला. त्याचे तत्त्व असे की, निरोगी डोळ्याला अक्षर ओळखता येण्यासाठी त्याच्या उंचीने डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करावा लागतो. (१ अंश म्हणजे ६० मिनिटे.) पडदा ६० सेंटिमीटरवर असेल, तर ही उंची सुमारे ०.८७ मिलिमीटर येते. ६/१८ दृष्टीला तिप्पट, म्हणजे २.६ मिलिमीटर, आणि ६/६० दृष्टीला दहापट, म्हणजे ८.७ मिलिमीटर उंची लागेल. हे झाले जेमतेम ओळखण्यापुरते. पानेच्या पाने न थकता वाचायची, तर अक्षर याहून बरेच मोठे हवे. ते मूल पुस्तक नाकाशी का नेते, हे आता कळेल. अंतर निम्मे केले की कोन जवळजवळ दुप्पट होतो. तो आळस नव्हे, ती त्याने स्वतः शोधलेली भूमिती आहे.

आकारानंतर येतो उठाव, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेतील फरक. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने तो मोजण्याची रीत ठरवली आहे. पांढऱ्या रंगाची तेजस्विता १ व काळ्याची ० धरायची, दोन्ही आकड्यांत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्याला लहानाने भागायचे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल, तर १.०५ ÷ ०.०५ = २१. हे सर्वांत मोठे गुणोत्तर. साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे, असा संस्थेचा दंडक आहे. पांढऱ्यावर शुद्ध लाल अक्षराचे गुणोत्तर ४ भरते, म्हणजे ते नापास! पांढऱ्यावर पिवळ्याचे तर जेमतेम १.०७. तेच पिवळे अक्षर काळ्यावर लिहिले, तर १९.५ च्या वर जाते. तेव्हा सूचना सजवताना रंग शोभेसाठी निवडायचे की वाचणाऱ्यासाठी, याचा विचार करा.

आपल्या देवनागरीची आणखी एक अडचण आहे. घ आणि ध, भ आणि म यांच्यातील भेद शिरोरेषेजवळच्या लहानशा फटीत किंवा गाठीत असतो. अनुस्वार हा तर एक ठिपका. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सारे एकाच ओळीत बसवायचे असते. म्हणून मराठी मजकुराला अक्षर थोडे मोठे आणि दोन ओळींत अंतर अधिक हवे. 'घर' चे 'धर' झाले, तर चूक वाचणाऱ्याची म्हणायची का?

आता मुख्य मुद्दा. छापलेले अक्षर बदलत नाही, पडद्यावरचे बदलते. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला 'म' संगणकाच्या स्मृतीत चित्र म्हणून राहत नाही, २३५० या क्रमांकाने राहतो. पडद्यावर तो दर वेळी नव्याने रेखला जातो. म्हणून तो कितीही मोठा केला तरी रेखीवच राहतो, आणि ओळी पडद्याच्या रुंदीनुसार पुन्हा मांडता येतात. प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर आला. म्हणजे ही सोय काल-परवाची नाही.

आणि आपण काय करतो? टंकलिखित केलेले पत्रक छापतो, त्यावर शिक्का मारतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि तो गटावर पाठवतो. अक्षरांचे क्रमांक गेले, उरले नुसते ठिपके. फोटो मोठा केला की ठिपके मोठे होतात आणि अक्षर पुसट होते. ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी बोट डावी-उजवीकडे सरकवावे लागते. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरकड्यासारख्या गावात मोठ्या अक्षरांची पुस्तके सहज मिळत नाहीत, खास भिंगांसाठी नांदेडसारखे शहर गाठावे लागते. पण मोबाइल घरोघरी आहे. हाताशी असलेले एवढे चांगले भिंग आपण आपल्याच हाताने निकामी करतो.

कोणी म्हणेल, 'मग सर्वांसाठी अक्षरे मोठीच का ठेवू नयेत?' तसेही नव्हे. ज्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद आहे, त्याला फार मोठी अक्षरे अडचणीची होतात, कारण एका नजरेत थोडीच मावतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात प्रकाश विखुरतो. अशा काहींना पांढरा पडदा दिपवतो आणि काळ्यावर पांढरे अक्षर बरे वाटते. म्हणून एकच नमुना सर्वांवर लादू नये; निवड वाचणाऱ्याच्या हाती असावी. 'एका मुलासाठी एवढा खटाटोप कशाला?' असेही विचारले जाते. पण उन्हात मोबाइल पाहणारा शेतकरी आणि चाळिशी लागलेले तुमचे गुरुजी यांनाही ठळक, मोठे अक्षरच हवे असते.

शिवाय हा उपकाराचा प्रश्न नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, सूचना फोटोऐवजी मजकूर म्हणून पाठवा. शिक्क्याची प्रत हवीच असेल तर ती सोबत जोडा. विद्यार्थ्यांनो, तुम्ही शाळेच्या संगणकावर विंडोजची कळ आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबून पाहा. पडद्यावरचे भिंग उघडेल. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवण्याची सोय आहे, तीही शोधा आणि ज्याला गरज आहे त्याला दाखवा. यासाठी एक पैसाही लागत नाही. एखाद्या मुलाला मंद ठरवण्यापूर्वी त्याच्यापुढचा पडदा एकदा बदलून पाहावा, एवढेच मागणे आहे.